लाल गाडी, चार स्प्रिंगा आणि काकूंची कंबर

गाडीला स्प्रिंगा चारच असतात. पण आमच्या घोळक्यात त्या चार स्प्रिंगांवर जेवढं बोलून झालंय, तेवढं अमरावतीत निवडणुकीवरही कोणी बोललं नसेल. कुठल्याही लग्नाला जा, पंगतीत वरण वाढून होत नाही तोच कोणीतरी समोरून ओरडतो, "सर, तो दह्याचा किस्सा सांगा ना!" मी एक सांगतो, तेवढ्यात प्रशांतला दुसरा आठवतो, इरफानभाई तिसऱ्यात दुरुस्ती सुचवतात, आणि वाढपी जिलबी घेऊन पुढे निघून जातो. अशा किती जिलब्या गेल्या माझ्या! म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. निदान जेवता तरी येईल.

आधी माणसं सांगतो. मी राजापेठेत बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळे मला नाव नाही, मी नुसता 'सर'. प्रशांत माझा शाळेपासूनचा दोस्त. परतवाड्याजवळ त्याची संत्र्याची बाग आणि अमरावतीत घर. इरफानभाईंचं स्प्रिंगचं वर्कशॉप आहे, त्यांच्या तीन पिढ्या ट्रकचे पाटे ठोकण्यात गेल्या. आणि कुसुमकाकू, म्हणजे प्रशांतची आई. ती जुनी लाल हॅचबॅक मुळात प्रशांतच्या बाबांची. ते गेल्यावर गाडी काकूंच्या नावावर झाली आणि प्रशांतच्या जिवात जाऊन बसली.

आता ऑटोक्रॉस म्हणजे काय? मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे आणि एकेका गाडीनं घड्याळ लावून त्यातून नागमोडी पळायचं. शंकू पाडला की वेळेत दंड. अकोल्याच्या पोरांनी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पटांगणात हा खेळ सुरू केला आणि प्रशांतच्या अंगात आलं. गाडी तीच! रोज काकूंना घेऊन बागेत जायची तीच, आणि अकोल्यात शंकूंमधून पळवायची तीच.

इथं स्प्रिंगचा रेट आडवा येतो. रेट म्हणजे किंमत नव्हे बरं का! स्प्रिंग एक मिलीमीटर दाबायला किती किलो लागतात, तो तिचा रेट. कडक स्प्रिंग घेतली तर मैदानात गाडी ताठ वळते, पण रस्त्यावरच्या खड्ड्यात माणसाचे दात मोजून देते. मऊ घेतली तर रस्त्यावर पाळणा आणि मैदानात लोळण. बस, एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळा वैताग.

*

पहिली स्प्रिंग इरफानभाईंनी निवडली. त्यांचं तत्त्व एकच, "सर, स्प्रिंग हलली म्हणजे समजाचं का ते कमजोर हाये." ज्या गाडीवर दहा टन लादता येत नाहीत तिला त्यांच्या घराण्यात गाडी म्हणतच नाहीत.

त्यांनी कुठल्यातरी जीपच्या स्प्रिंगा आणून लाल गाडीत बसवल्या. प्रशांत बॉनेटवर दोन्ही हातांनी चढला, दाबलं, ढकललं.

"हालली?" इरफानभाईंनी विचारलं.

"नाई."

"बस! क्या बात है! एकदम फिट!"

दोघंही इतके खूश की मला मिठाई खायला घातली. मीही खाल्ली. फिजिक्सवाल्याला मिठाई दिली की तोही गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी प्रशांत काकूंना घेऊन परतवाड्याला गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा मी त्यांच्याच घरी बसलो होतो. दार उघडून काकू उतरल्या. अंबाडा सुटलेला, चष्मा हातात, एक चप्पल गाडीतच. पायरीवर बसल्या, पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्याल्या आणि मग तोंड उघडलं.

"प्रशांत, हे गाडी हाये का सूप? मले पाखडत नेलं अन् पाखडत आनलं!"

प्रशांत म्हणाला, "आई, मैदानात लय मस्त वळते."

"मंग मैदानातच राह्य ना बे! मी घरी जाते ऑटोनं!"

मग निकाल लागला. काकूंचे निकाल झटपट लागतात, अपील नाही. गाडी विकायची आणि सात जणांची मोठी घ्यायची, म्हणजे लेक-जावई-नातवंडं सगळी बागेत जातील. प्रशांतचं तोंड असं उतरलं की मलाच कसंतरी झालं. बाबांच्या आजारपणात त्यानं याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं-आणलं होतं. तो नुसता बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

काकूंनी ते पाहिलं. जरा थांबून म्हणाल्या, "ठीक हाये. अकोल्याची पुढची शर्यत होऊ दे. तिथं पहिल्या तिनात नंबर आन, म्हंजे मले समजंन का हा तमाशा कायच्यासाठी होता. अन् त्या दिवशी माही कंबर दुखली नाई पायजे. दोन्ही जमलं तं ठेव गाडी. एकही चुकलं, तं गिऱ्हाईक पाह्य."

झालं! त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या आयुष्याला एकच काम उरलं. काकूंची कंबर सांभाळायची आणि शंकूही सांभाळायचे.

*

मी म्हटलं, हे काम अंदाजाचं नाही, गणिताचं आहे. वर्गात फळ्यावर सूत्र लिहिलं आणि पोरांना सांगितलं, "घरी जी स्प्रिंग सापडेल तिचा रेट काढून आणा. आधी वजन ठेवायचं, मग किती दबली ते मोजायचं."

चारेक दिवसांनी एक बाई क्लासवर आल्या. हातात पिशवी, चेहरा तापलेला.

"तुमीच का ते फिजिक्सवाले?"

म्हटलं, "हो, बसा ना."

"बसाले ठेवलं काय तुमी? आमच्या पोरानं सोफ्यावर आधी पाट्याचा दगड ठेवला, मंग गव्हाची कोठी ठेवली, मंग आपल्या आजोबाले बसवलं!"

मी घाबरत विचारलं, "मग?"

"उत्तर बरोबर आलं सर. सोफा गेला!"

*

मग मऊ स्प्रिंगांची पाळी आली. पण मऊ म्हणजे किती मऊ? काकूंच्या कंबरेवर रोज प्रयोग करता येत नव्हते. प्रशांतनं डोकं लढवलं. राजापेठेत एका गाडीवर गिला वडा फार झकास मिळतो. द्रोणात वडा, वर काठोकाठ पातळ दही. तो द्रोण हातात धरून मी पुढच्या सीटवर बसायचं, प्रशांतनं ओळीनं सगळ्या स्पीड ब्रेकरवरून गाडी न्यायची. दही सांडलं तर स्प्रिंग कडक, नाही सांडलं तर काकू खूश.

पहिल्या दिवशी माझा शर्ट गेला. दुसऱ्या दिवशीही शर्टच गेला. तिसऱ्यांदा इरफानभाई बसले, कारण मी नकार दिला. त्यांनी वरून रुमाल बांधला, पण दही रुमालाला काय भीक घालतंय? दाढीत गेलं. रोज संध्याकाळी इरफानभाई वर्कशॉपमध्ये स्प्रिंगा बदलायचे आणि आम्ही पुन्हा वडा घ्यायचो. वडेवाला तर आम्हाला पाहिलं की न विचारता द्रोण भरायला लागला.

शेवटी एकदा जमलं! एकही थेंब सांडला नाही. आम्ही तिघं गाडीत ओरडलो, प्रशांतनं खात्री करायला गाडी फिरवून पुन्हा त्याच स्पीड ब्रेकरवर आणली. तिसऱ्या फेरीला ट्रॅफिकच्या हवालदारानं शिट्टी मारली.

"काय चालू हाये? कवापासून पाहून राहिलो, तिथल्या तिथंच घिरट्या!"

प्रशांतनं काच खाली केली. "टेस्टिंग चालू हाये साहेब."

हवालदारानं आत वाकून पाहिलं. मी दोन्ही हातांत द्रोण धरून देवासारखा ताठ बसलेलो.

"कायची टेस्टिंग?"

"दह्याची."

हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली आणि म्हणाला, "जा बाप्पा, आंबट होऊन जाईन."

त्या स्प्रिंगांवर गाडी आम्ही बागेच्या अंगणात नेली, संत्र्याचे रिकामे क्रेट शंकूंसारखे मांडले आणि प्रशांतनं जोरात घेतली. पहिल्याच वळणाला गाडी एका अंगावर अशी आडवी झाली की आत बसलेले इरफानभाई माझ्या मांडीत! एकही क्रेट जागेवर राहिला नाही. बाहेर येऊन कपडे झटकत इरफानभाई म्हणाले, "सर, गाडी वळून नाही राहिली, लोळून राहिली!"

*

मधल्या रेटच्या स्प्रिंगा मग कुठून तरी जुन्या मिळाल्या. त्या घाटात पाहाव्या म्हणून आम्ही परतवाड्याहून जंगलातल्या सेमाडोहला निघालो. वळणंच वळणं, म्हणजे परीक्षाच! गाडी वळत होती बरी, पण मागच्या उजव्या स्प्रिंगनं आवाज धरला. खड्डा आला की "टॅऊ!" पुन्हा खड्डा, पुन्हा "टॅऊ!"

सेमाडोहच्या अलीकडे प्रशांतनं गाडी कडेला घेतली. इरफानभाई मागे गेले आणि कुठून आवाज येतो ते कळावं म्हणून डिकी दाबायला लागले. दाबली की टॅऊ, सोडली की टॅऊ. झाडावरची वानरं खाली पाहायला लागली.

तेवढ्यात समोरून सफारीची एक जीप आली आणि हळूच थांबली. मागून दुसरी आली. मग तिसरी. जीपमधला गाईड उभा राहिला, त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि पर्यटकांना खुणावलं. सगळ्यांच्या दुर्बिणी गवताकडे वळल्या. कॅमेरे निघाले. पुण्याच्या एक बाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, आपलं नशीब आहे!"

गाईड आमच्याकडे वाकून कुजबुजला, "हलू नका. चितळ वाघाला पाहून ओरडून राहिलंय. वाघ इथंच हाये."

इरफानभाईंचा हात अजून डिकीवर. त्यांनीही तितक्याच हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, वाघ नाही. मागची उजवी हाये."

आणि खात्री म्हणून पुन्हा एकदा दाबून दाखवली.

*

अकोल्याच्या बंटीचं सांगायलाच हवं. त्या मैदानातला तो दादा माणूस, दर वेळी पहिल्या तिनात. त्याच्या स्प्रिंगा बाहेरदेशाहून मागवलेल्या, निळ्या रंगाच्या, किल्लीनं खालीवर करता येणाऱ्या. आम्ही सल्ला विचारायला गेलो तर म्हणाला, "सर, गाडी जमिनीले टेकली पायजे. जेवढी खाली तेवढी फास्ट."

गाडी त्याची खरंच इतकी खाली की खालून मुंगी गेली तरी तिला वाकून जावं लागेल. पण त्याच्या कॉलनीच्या तोंडाशीच एक स्पीड ब्रेकर. गाडी त्यावरून जाईना. त्यामुळे पठ्ठ्या गाडी स्पीड ब्रेकरच्या अलीकडे लावायचा आणि तिथून घरी ऑटोनं जायचा!

त्याच्या लग्नात तर कहरच झाला. हट्ट धरला की वरात याच गाडीतून. फुलं लावली, बँड लावला, नवरदेव मुंडावळ्या बांधून स्वतः स्टिअरिंगवर. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी स्पीड ब्रेकर आला आणि गाडी थांबली. मुहूर्त जवळ आला. मुलीकडचे आरतीचं ताट घेऊन आत उभे, नवरदेव बाहेर! शेवटी नाचणाऱ्या वऱ्हाड्यांनी चारी बाजूंनी गाडी उचलली आणि नवरदेवासकट पलीकडे ठेवली. बँडवाले वाजवतच होते.

बंटीचे आजोबा कडेला उभे होते. ते एवढंच म्हणाले, "घोड्यानं काय केलं होतं रे?"

*

मागच्या उजवीचा आवाज ग्रीसनं मिटला, पण शर्यत आठवड्यावर आली तरी या मधल्या स्प्रिंगा काकूंच्या कंबरेला चालतील का ते ठरेना. प्रशांतची झोप उडाली होती. एक-दोन गिऱ्हाइकांनी काकूंना फोनही केले होते, आणि काकू त्यांना "थांबा, येत्या रविवारी सांगते" म्हणत होत्या. ते ऐकून प्रशांत जेवणावरून उठायचा.

मी सांगितलं, "हे बघ, काकूंच्या कंबरेसाठी स्प्रिंग निवडायची तर काकूंचं वजन कळलं पाहिजे." मला वाटलं, किती सोपी गोष्ट! पण काकू वजन सांगतील तर शपथ. "वजन कायले पायजे? मी काय कापूस हाये?"

मग प्रशांतनं आयडिया केली. बागेत संत्र्याचे क्रेट मोजायचा मोठा काटा आहे. काकूंना तिथं नेलं, काट्याच्या फळीवर सतरंजी टाकली, वर खुर्ची ठेवली आणि म्हणाला, "आई, इथं सावली हाये, बस जरा."

काकू बसल्या. काटा हलला. प्रशांत मान तिरकी करून पाहायला गेला आणि काकूंनी त्याचा कान धरला.

"मले संत्र्यात मोजतं का बे, बयताडा!"

वजन गेलंच, कानही लाल झाला. तेव्हा इरफानभाई म्हणाले, "छोडो ना यार! वजन कशाले पायजे? काकूले गाडीत बसवू, गाडी सरळ होईपर्यंत स्प्रिंगा बदलू. काकू म्हंजेच काटा!"

खरं सांगतो, मला पटलं. एवढी वर्षं फिजिक्स शिकवून मला पटलं!

काकूंना वर्कशॉपमध्ये आणलं. त्या ऐटीत आपल्या नेहमीच्या जागी, पुढच्या डाव्या सीटवर बसल्या. प्रशांतला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. इरफानभाईंच्या अम्मी घरातून चहा आणि शेवया घेऊन आल्या, खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. मांडीवर तुरीच्या शेंगा, इकडून ही सोलते, तिकडून ती. खाली आमचं काम चालू. स्प्रिंग काढताना काकूंना उतरवायचं, बसवली की पुन्हा वर चढवायचं. दर वेळी काकू म्हणायच्या, "आता काय राह्यलं?" आणि अम्मी म्हणायच्या, "अरे इरफान, बाईको कितना नचाते रे!"

काकूंच्या बाजूनं गाडी सारखी दबायची. म्हणून इरफानभाईंनी डावीकडच्या दोन्ही स्प्रिंगा जास्त कडक टाकल्या, उजवीकडच्या मधल्या रेटच्याच ठेवल्या. दिवस मावळता मावळता गाडी पाण्यासारखी सपाट उभी राहिली. मी पट्टी लावून चारी बाजूंनी मोजलं. अगदी बरोबर! आम्ही टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी प्रशांत काकूंना परतवाड्याला घेऊन गेला. काकू जाताना झोपल्या आणि येतानाही झोपल्या. घोरत होत्या म्हणे. प्रशांतनं मला फोन करून ते घोरणंही दोनदा करून दाखवलं. अर्धी अट तर जिंकल्यातच जमा होती.

मग तो गाडी घेऊन एकटाच बागेच्या अंगणात क्रेटांमधून फिरायला गेला आणि घंट्याभरात पुन्हा फोन.

"सर, लोचा झाला. उजवीकडे वळवली तं ताठ वळते. डावीकडे वळवली का लोळते. अन् उभी केली तं उजवीकडे कलते."

मी विचारलं, "गाडीत कोण आहे?"

"मी एकलाच."

मी कपाळावर हात मारला. गाडी सपाट केली होती ती काकूंसकट! काकू नाहीत, तर गाडी वाकडी. आणि शर्यत उद्या.

*

रविवारी सकाळी आम्ही सगळे अकोल्याला. काकूही होत्या, कारण दुपारी तिथं एका नात्यातल्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मैदानाच्या कडेला मांडव घातला होता, त्यात काकू खुर्चीवर बसल्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स, शेजारी आहेराची पिशवी.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीला प्रशांत एकटा गेला. उजवी वळणं सुंदर घेतली, आणि डाव्या वळणावर शंकूंचा असा सडा पाडला की गोळा करायला मांडवातली पोरं धावली. नंबर शेवटून दुसरा. शेवटचा जो होता त्याची गाडी सुरूच झाली नव्हती.

प्रशांत येऊन गाडीला टेकून उभा राहिला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "सर, गेली समजा बाबाची गाडी."

इरफानभाई तिकडून तुरीचा एक कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, खांद्यावर घेऊन आले. म्हणे काकूंच्या जागी हा ठेवू. पण आयोजकांनी अडवलं. "गाडीत सुटं सामान चालत नाई. माणूस चालते, हेल्मेट-बेल्ट लावून."

आम्ही तिघांनीही एकदम मांडवाकडे पाहिलं.

मग आमचं आपसात भांडण. मी म्हटलं, "वेड लागलं का? तिथं कंबर दुखली तर दोन्ही अटी गेल्या!" इरफानभाई म्हणाले, "नाही बसल्या तं एक अट तशीही गेलीच ना!" मी बसतो म्हटलं तर प्रशांत म्हणाला, "तुह्या वजनानं काय होते? तू बसला तं गाडीले पत्ताही लागत नाई." हाही अपमान सहन केला.

शेवटी प्रशांतच गेला. काकूंपुढे उकिडवा बसला आणि सगळं खरं सांगून टाकलं. काट्याचं, स्प्रिंगांचं, सगळं. "आई, गाडी तुह्यावरच सरळ केली वं. तुह्याबिगर ते वळत नाई."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. आहेराची पिशवी माझ्या हातात दिली.

"धरा सर. काचेची भांडी हायेत, पाडसान."

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. काकूंनी अंबाडा सोडला, वेणी घातली, वरून हेल्मेट चढवलं आणि पदर खोचला. माइकवरचा पोरगा ओरडला, "दुसरी फेरी, अमरावतीची लाल गाडी, ड्रायव्हर प्रशांत अन्... अन् त्याची आई!" मांडव उठून उभा राहिला.

झेंडा पडला. लाल गाडी सुटली ती अशी, की मी पिशवी छातीशी धरून डोळे मिटले. इरफानभाई कानाशी सांगत होते, "डावीकडे वळली... नाही लोळली! सर, नाही लोळली! उजवीकडे... वाह, काकू, वाह!" मी डोळे उघडले तेव्हा गाडी शेवटच्या वळणावर सपाट, अगदी वर्कशॉपमध्ये उभी होती तशी सपाट चालली होती, आणि खिडकीतून काकूंची पर्स हवेत दिसत होती. शंकू एकही पडला नाही.

माइकवरून नंबर आला. तिसरा! दर वेळी पहिल्या तिनात असणारा बंटी एकानं खाली, चौथा.

कोणी टाळी वाजवेना. म्हणजे वाजवत होते बाकीचे, आम्ही तिघं नाही. आमचं सगळं लक्ष त्या डाव्या दारावर. प्रशांत धावत फिरून गेला, दार उघडलं, हात दिला. काकू हळूहळू उतरल्या. हेल्मेट काढलं. दोन्ही हात कमरेवर ठेवले. एकदा डावीकडे वाकल्या. एकदा उजवीकडे वाकल्या. इरफानभाई तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होते, मीही हात जोडले होते.

काकूंनी गाडीच्या टपावर थाप मारली.

"राहू दे गाडी. तुह्या बाबानं उभ्या जन्मात मले असं फिरवलं नाई!"

प्रशांत रडला. सरळ आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. इरफानभाईही रडले आणि मी काचेची भांडी धरून रडलो, कारण ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. पाहतो तर बंटी. त्यानं मला जरा बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं,

"सर, माही माय लय बारीक हाये. मले कोनती स्प्रिंग लागन?"